एक कनेक्टर निसटला तर किती बॉक्स गप्प होतात, आधी ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रत्येक बाजूला ८ सेल्फ-पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर बॉक्स, वर टांगलेले, खाली सब, म्हणजे बेसचे बॉक्स, मिक्सर स्टेजपासून ६० मीटरवर. टॉपना पॉवर पहिल्या बॉक्समधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीनं दिलेली, नेटवर्कही तसंच साखळीनं. एका शोला उजव्या बाजूचे खालचे पाच बॉक्स मधेच बंद पडले, दुसऱ्या शोला दोन्ही बाजूंचा आवाज अधूनमधून तुटत होता. आता विचारणं असं की पॉवरची केबल जाड घेऊ का, आणि नेटवर्कला कॅट ५ई काढून कॅट ७ टाकू का.

माझं मत सांगायचं तर दोन्हीपैकी काहीच लगेच घेऊ नका. केबल जाड की बारीक हा नंतरचा प्रश्न आहे. तुमचा खरा प्रॉब्लेम असा की एक कनेक्टर निसटला की पाच बॉक्स जातायत, आणि जाड केबल टाकून तो कनेक्टर निसटायचा थांबणार नाहीये. मी बरीच वर्षं सिस्टीम टेक म्हणून टूरवर आहे आणि आता केबलिंगचा कागद काढायला बसलो की पहिला प्रश्न एकच असतो, ही एक केबल गेली तर किती आवाज जाईल. बाकी स्क्वेअर एमएम (तारेची जाडी) वगैरे त्यानंतर.

एक गोष्ट आधी स्पष्ट करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या नेटवर्कवरून ऑडिओ जातोय की फक्त कंट्रोल? म्हणजे आवाज एक्सएलआर या नेहमीच्या ऑडिओ केबलनं जातोय आणि नेटवर्क फक्त लॅपटॉपवर टेंपरेचर, लिमिटर बघायला आणि डिले लावायला आहे, असं असेल तर नेटवर्क तुटलं तरी शो चालूच राहतो, खुशाल साखळी करा, झोप उडवून घ्यायची गरज नाही. पण डँटे किंवा मिलान, म्हणजे नेटवर्कवरून ऑडिओ नेणाऱ्या पद्धती, चालू असेल, आवाजच त्या तारेतून जात असेल, तर मात्र नेटवर्कची केबल ही पॉवरच्या केबलइतकीच महत्त्वाची झाली. दोन्ही बाजू एकदम तुटत होत्या असं तुम्ही म्हणताय त्यावरून दुसरी केस धरून लिहितोय.

आधी पॉवर. बॉक्सच्या मागे जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो विसरा. गाणं म्हणजे सतत वाजणारी साईन वेव्ह नाही, त्यात पीक असतात आणि मधे जागा असते, म्हणून जोरात वाजवतानासुद्धा अ‍ॅम्प्लिफायर सरासरी आपल्या कमाल ताकदीच्या साधारण एक अष्टमांशच देत असतो, हाच अंदाज बरेच उत्पादक करंट सांगताना वापरतात. मॅन्युअलमध्ये लाँग टर्म किंवा कंटिन्युअस करंट म्हणून जो आकडा असतो तो घ्या. उदाहरणापुरतं धरू की २३० व्होल्टवर एक बॉक्स २ अँपिअर घेतो. आठ बॉक्स एका साखळीत म्हणजे १६ अँपिअर, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) अगदी काठावर, आणि हा सगळा करंट पहिल्या बॉक्सच्या इनपुट कनेक्टरमधून जाणार. आता २.५ स्क्वेअरच्या फ्लेक्झिबल केबलचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ८ मिलिओहम असतो. डिस्ट्रोपासून (पॉवर वाटणाऱ्या पेटीपासून) वरच्या बॉक्सपर्यंत ४० मीटर केबल असेल तर जायची आणि यायची तार धरून ८० मीटर, म्हणजे ०.६४ ओहम. १६ अँपिअरला १० व्होल्ट गेले. हाच लोड चार-चार बॉक्सच्या दोन लाईनमध्ये वाटला तर प्रत्येक लाईनमध्ये ८ अँपिअर आणि ड्रॉप ५ व्होल्ट. म्हणजे केबल तीच, जाडी तीच, फक्त दोन ओढल्या, ड्रॉप निम्मा झाला आणि वरून एक लाईन गेली तर आठच्या जागी चार बॉक्स गेले. म्हणून मी जाड एका केबलपेक्षा बेताच्या दोन केबल कधीही घेईन.

जिथे १२० व्होल्ट असतात तिथे हे गणित फार बेकार होतं हे लक्षात ठेवा, टूर दोन्हीकडे फिरत असेल तर विशेष. तोच बॉक्स तिथे ४ अँपिअर घेणार, चार बॉक्सचे १६ अँपिअर, त्याच केबलवर तेच १० व्होल्ट जाणार पण आता ते १२० मधून जातायत, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. आणि बॉक्सच्या आतल्या स्विच मोड पॉवर सप्लायची खोड अशी की व्होल्टेज कमी झालं की तो तेवढीच पॉवर मिळवायला करंट जास्त ओढतो, त्यामुळे ड्रॉप अजून वाढतो. व्होल्टेज मोजायचं ते डिस्ट्रोवर नाही, शेवटच्या बॉक्सच्या जागी, आणि तेही सिस्टीम जोरात वाजत असताना. बंद सिस्टीमवर मीटर लावून सगळं ठीक आहे म्हणणारे मी खूप बघितलेत.

तीन फेज मिळत असतील तर डावी बाजू एका फेजवर आणि उजवी दुसऱ्या फेजवर असं करायचा मोह होतो, कागदावर छान दिसतं. पण एक फेज गेला की पूर्ण बाजू गेली. मी प्रत्येक बाजूचे वरचे चार एका फेजवर, खालचे चार दुसऱ्यावर आणि सब तिसऱ्यावर असं देतो, म्हणजे फेज गेला तरी दोन्ही बाजूंना काहीतरी वाजत राहतं. यात २३० च्या सिस्टीमला दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, तेव्हा कोण कुठली लाईन कुठे लावतोय हे टेपचे रंग लावून पक्कं ठेवा आणि अर्थिंग सगळीकडे अखंड. हम (घुमणारा गुणगुण आवाज) येतोय म्हणून अर्थची पिन काढणारा माणूस क्रूमध्ये असेल तर त्याला आधी घरी पाठवा, हमचं नंतर बघू.

आता ते पाच बॉक्स. माझ्याच एका शोची गोष्ट सांगतो कारण तुमची केस मला अगदी तशीच वाटतेय. बारा बॉक्सची साखळी होती, जमिनीवर सगळं टेस्ट केलेलं, सगळे हिरवे. अ‍ॅरे, म्हणजे बॉक्सची ती टांगलेली ओळ, वर गेली, मागून खेचून अँगल बसवला, आणि दुसऱ्या गाण्याला तिसऱ्या बॉक्सच्या खालचे नऊच्या नऊ गप्प. खाली आणून बघतो तर तिसऱ्या आणि चौथ्या बॉक्समधला जंपर, म्हणजे दोन बॉक्स जोडणारी छोटी केबल, राखाडी कनेक्टरमध्ये घातला होता पण फिरवून लॉक केला नव्हता. जमिनीवर बॉक्स सरळ रेषेत होते, तेव्हा त्यात सैल होता म्हणून चालून गेला, वर अँगल उघडल्यावर दोन बॉक्सच्या पाठीमधलं अंतर बदललं, जंपर ताणला गेला आणि हळूच बाहेर आला. क्लिक ऐकू आला का एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि विचारायचं काम माझं होतं. तेव्हापासून दोन सवयी. जंपर लावणारा एक आणि प्रत्येक कनेक्टर हातानं ओढून बघणारा दुसरा, एकच माणूस दोन्ही करणार नाही. आणि जंपरची लांबी ज्या अँगलला पाठीमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं तो धरून, वर थोडा ढिलावा ठेवून घ्यायची.

कनेक्टरवरून आठवलं, निळा-राखाडी जुना पॉवरकॉन (पॉवरचा, फिरवून लॉक होणारा कनेक्टर) लोड चालू असताना काढायचा नसतो, तो त्यासाठी बनवलेलाच नाही, आत स्पार्क होऊन पिना जळतात आणि मग तोच कनेक्टर पुढच्या महिन्यात गरम होऊन दगा देतो. ट्रू वन प्रकारचा नवा पॉवरकॉन चालू लोडवर काढता-घालता येतो, पण तो जुन्यात बसत नाही, म्हणून अर्धे बॉक्स असे आणि अर्धे तसे असतील तर जंपर दोन्ही प्रकारचे आणि वेगवेगळ्या रंगाचे ठेवा. पावसाची शक्यता असेल तर ट्रू वन टॉप बघा, जोडलेल्या अवस्थेत तो आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या झोतापासून सुरक्षित, आहे.

अजून दोन गोष्टी ज्या "केबल खराब आहे" म्हणून खपतात पण केबलचा दोष नसतो. एक, सगळे बॉक्स एकदम चालू केले की प्रत्येकाचे कपॅसिटर एकाच वेळी भरायला जातात आणि क्षणभर करंट उसळतो. बी टाईपचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी टाईप ५ ते १० पटीला, म्हणून डिस्ट्रोत सी घ्या आणि लाईन एकेक करून चालू करा. दुसरी, ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे अर्थला करंट गळतोय दिसलं की पॉवर तोडणारा स्विच. प्रत्येक बॉक्सच्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थला जातच असतो, मिलिअँपिअरभर किंवा थोडा जास्त, तो दोष नाही, डिझाईनच तसं आहे. पण असे दहा-बारा बॉक्स एकाच आरसीडीखाली आले की बेरीज १५ च्या आसपास जाते, आणि ३० ची आरसीडी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकते. मग शो मधेच काही कारण नसताना बाजू बंद. लोक आरसीडी बायपास करतात, कृपया करू नका, लोड जास्त आरसीडींवर वाटा. म्हणजे फिरून परत तेच, एका गोष्टीवर कमी बॉक्स.

आता नेटवर्क, इथे खरी गंमत आहे. पॉवर वाटायची म्हटलं की कोणीतरी हुशार माणूस सांगतो की विषम बॉक्स एका लाईनवर आणि सम दुसऱ्या लाईनवर द्या, म्हणजे एक लाईन गेली तरी वरपासून खालपर्यंत एकाआड एक बॉक्स चालू राहील आणि पुढे बसलेल्यांना आणि मागे बसलेल्यांना दोघांनाही काहीतरी ऐकू येईल. आवाजाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, ट्रेबल थोडा फाटतो पण कुठलाही भाग पूर्ण कोरडा पडत नाही. पण नेटवर्क साखळीत असेल आणि बॉक्समध्ये पॉवर गेल्यावर नेटवर्क पुढे ढकलणारा रिले नसेल तर काय होतं बघा. सम लाईन गेली, दुसरा बॉक्स मेला, त्याच्या आतला स्विच पण मेला, आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्याला पॉवर आहे पण ऑडिओ नाही. वाचला फक्त पहिला बॉक्स. म्हणजे पॉवर हुशारीनं वाटून तुम्ही नुकसान चारवरून सातवर नेलंत. हे मी कागदावर कितीतरी जणांचं पकडलंय, कारण पॉवरचा कागद एक जण काढतो आणि नेटवर्कचा दुसरा, आणि दोघं एकमेकांना दाखवत नाहीत.

तर बॉक्समध्ये बायपास रिले नसेल आणि साखळीच करायची असेल तर पॉवरचे गट आणि नेटवर्कचे गट एकच ठेवा. वरच्या चारना एक पॉवर लाईन आणि एक नेटवर्क लाईन, खालच्या चारना दुसरी पॉवर आणि दुसरी नेटवर्क, दोन्ही नेटवर्क लाईन स्टेजच्या स्विचमधून वेगवेगळ्या पोर्टवर. काहीही एक तुटलं तरी जास्तीत जास्त चार जातात. रिले असेल तर एकाआड एक खुशाल करा, पण आधी वर्कशॉपमध्ये मधला बॉक्स बंद करून बघा रिले खरंच काम करतो का, आणि सलग दोन-तीन बॉक्स बंद झाले तर काय होतं तेही बघा, कारण तेव्हा दोन जिवंत बॉक्समधली सलग तार लांब होते आणि मधे जास्तीचे कनेक्टर येतात.

बॉक्सला मागे दोन नेटवर्क पोर्ट दिसले की लोक साखळी करायला धावतात. पण ते दोन पोर्ट दोन वेगळ्या मोडमध्ये चालू शकतात. स्विच मोडमध्ये एकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. रिडंडंट मोडमध्ये एक प्रायमरी नेटवर्कचा आणि दुसरा सेकंडरीचा, आणि ही दोन नेटवर्क कधीही एकमेकांना भेटायला नको. रिडंडंट मोडमधल्या बॉक्सची साखळी केली तर प्रायमरी पुढच्या बॉक्सच्या सेकंडरीत जातं आणि सगळा गोंधळ, आणि उलट स्विच मोडमधल्या बॉक्सला प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही जोडलं तर दोन्ही नेटवर्क एक होतात, आणि असे दोन बॉक्स झाले की लूप होऊन पॅकेट गोल गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क झोपतं. टूरला निघायच्या आधी प्रत्येक बॉक्सचा मोड तपासून घ्या, भाड्याचे बॉक्स असतील तर नक्कीच, आधीच्या माणसानं काय सेट केलंय काय माहीत.

तुमचा आवाज तुटत होता त्याचं कारण मला लांबीत दिसतंय. मिक्सर ६० मीटरवर म्हणजे केबल ६० मीटर नसते. रॅकपासून खाली, कडेनं वळून, बॅरिकेडच्या बाजूनं, परत वर टेबलावर, ती सहज ८५-९० मीटर होते. इथरनेटचे १०० मीटर हे ९० मीटर घट्ट तांब्याची, भिंतीत बसवलेली केबल आणि दोन्ही टोकांना मिळून १० मीटर पॅच असं धरून असतात. आपली टूरिंगची केबल बारीक तारांची, लवचिक असते आणि तिच्यात सिग्नल त्याच लांबीला साधारण २० टक्के जास्त पडतो. म्हणून मी लवचिक केबल ७० मीटरच्या पुढे नेत नाही, आणि मधे जॉईंटर लावून दोन जोडलेल्या असतील तर अजून कमी. कॅट ७ नं हे सुटणार नाही, गिगाबिटला धड कॅट ५ई पुरते, आणि आरजे ४५ प्लग लावलेली कॅट ७ ही तशीही कॅट ७ उरत नाही कारण त्या स्टँडर्डचे कनेक्टरच वेगळे आहेत. पैसे घालायचेच तर स्टेज ते मिक्सर फायबर टाका. एक नाही दोन, एक डाव्या कडेनं आणि एक उजव्या कडेनं, कारण दोन्ही एकाच पाईपखालून नेल्या तर फोर्कलिफ्ट दोन्हीवरून जाणार. फायबरचा अजून एक फायदा, मिक्सर आणि स्टेज वेगळ्या जनरेटरवर असले तरी शील्डमधून अर्थचा करंट वाहायचा प्रश्न येत नाही, कारण मधे तांबंच नाही. फक्त टोक साफ ठेवा, आणि तोंडानं फुंकर मारून साफ करू नका, वाफ बसते, त्यासाठी पेन मिळतं ते वापरा.

लांबी ठीक निघाली तर पुढचा संशय अर्धी तुटलेली केबल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. निळी किंवा तपकिरी जोडी वळवून वळवून आतून तुटली की काही उपकरणं लिंकच देत नाहीत, ते बरं, निदान कळतं. पण काही चुपचाप १०० वर उतरतात. दिवा लुकलुकतोय, लॅपटॉपवर बॉक्स दिसतोय, दोन चॅनलच्या टेस्टला आवाजही येतो, आणि शोमध्ये सगळे चॅनल चालू झाले की तुटायला लागतं. म्हणून स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टचा स्पीड रोज वाचायचा, फक्त दिवा बघायचा नाही. साधा बीप करणारा टेस्टर तार जोडलीय एवढंच सांगतो, तोही लावा पण लावताना दोन्ही टोकांना प्लगच्या मुळाशी केबल हलवा, तुटते ती तिथेच. इथरकॉनचा धातूचा शेल लावलेलाच घ्या, उघड्या आरजे ४५ ची ती प्लास्टिकची जीभ टूरवर दहा दिवस टिकत नाही.

स्विचचं दोन ओळीत. डँटे असेल तर मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, एनर्जी एफिशियंट इथरनेट ही वीज वाचवायची सोय बंद, क्लॉकच्या पॅकेटला सगळ्यात वरची प्रायोरिटी. मिलान असेल तर एव्हीबी (मिलान ज्यावर चालतं ते नेटवर्क तंत्र) येणारा स्विच लागतोच, ऑफिसमधला कपाटातून काढलेला चालणार नाही. आणि बॉक्सला एईएस (एक्सएलआरवरचा डिजिटल ऑडिओ) किंवा अ‍ॅनालॉगवर आपोआप जायची सोय असेल तर ती एक एक्सएलआर प्रत्येक बाजूला ओढून ठेवाच, नेटवर्क पूर्ण झोपलं तर तीच शो वाचवते. लेव्हल आणि डिले दोन्ही इनपुटला जुळवून ठेवा म्हणजे झालं, नाहीतर बदलताना दणका बसतो.

पॉवर आणि नेटवर्क एकाच आवरणात असलेली हायब्रिड केबल घेऊ का असंही लोक विचारतात. बॉक्समधल्या छोट्या जंपरला मस्त, एक घातलं की झालं, विसरायचा प्रश्न नाही. लांब रायझरला, म्हणजे खालून वर अ‍ॅरेपर्यंत जाणाऱ्या केबलला मात्र मी वेगवेगळ्या केबल एकत्र बांधून लूम करतो, कारण त्यातली एक नेटवर्क तार गेली तर ४० मीटरची महागडी केबल बाजूला ठेवावी लागत नाही, फक्त एक बदलली की झालं. लूमचं वजन रिगरला सांगा हं, हे कोणी सांगत नाही. तीन कोरची २.५ स्क्वेअरची रबर केबल मीटरला दोनशे ग्रॅमच्या वर भरते, अशा सहा आणि वर नेटवर्कच्या, म्हणजे मीटरला दीड किलो धरा, २५ मीटर लटकलं की चाळीस किलोच्या जवळ. हे वजन बंपरला (अ‍ॅरे ज्याला टांगतात त्या वरच्या फ्रेमला) दोरीनं किंवा जाळीच्या ग्रिपनं बांधा, पहिल्या बॉक्सच्या कनेक्टरवर एक ग्रॅमसुद्धा येता कामा नये. आणि उरलेली केबल गुंडाळून रॅकमागे गठ्ठा करून ठेवू नका, गुंडाळलेल्या पॉवर केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि रबर मऊ होतं, जमिनीवर मोठ्या सैल आठच्या आकारात पसरा.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमानं गेलो असतो: उद्याच सगळ्या जंपरची लांबी आणि लॉक तपासायचे, मग टॉपची पॉवर आणि नेटवर्क चार-चारच्या गटात तोडायचं, ज्याला फक्त दोन जास्तीचे रायझर लागतील, मग मिक्सरची केबल प्रत्यक्ष मोजायची आणि लांब निघाली तर फायबर. तुमच्या बॉक्सचं मॅन्युअल उघडून लाँग टर्म करंटचा आकडा, पोर्टचा मोड आणि बायपास रिले आहे की नाही एवढं कळवा, आणि डिस्ट्रोतल्या आरसीडी किती व प्रत्येकीवर काय काय आहे ते पण, मग सबचं कसं वाटायचं ते सांगतो, कारण सबची साखळी जमिनीवर असल्यामुळे तिथे पाय अडकून निसटणं हा वेगळाच प्रकार असतो.